लॉकवूड अँड कंपनी : नियमांनी बांधलेली भुते आणि घाईत असलेली मालिका

जोनाथन स्ट्राउड या ब्रिटिश लेखकाच्या पाच कादंबऱ्यांवर बेतलेली ‘लॉकवूड अँड कंपनी’ ही आठ भागांची मालिका नेटफ्लिक्सवर २७ जानेवारी २०२३ रोजी आली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिचा दुसरा हंगाम होणार नसल्याचे जाहीर झाले. अर्धवट राहिलेल्या मालिकेचे परीक्षण इतक्या उशिरा कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या घरात, इंदूरच्या नारायण बागेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत बारा ते पंधरा वर्षांची मुले जमली की ‘भीतीचे पण चांगले’ असे काही पाहायला मागतात, आणि त्या मागणीला पुरे पडणारे फारच थोडे उपलब्ध असते. जे असते ते एक तर इतके गोडगुलाबी असते की मुले पहिल्या दहा मिनिटांत मोबाइल काढतात, नाही तर इतके रक्ताळलेले असते की आपणच रिमोट शोधू लागतो. या दोहोंच्या मधली जागा लॉकवूडने धरली आहे. मुलांसाठी लिहिलेल्या भूतकथा पडद्यावर आणताना काय साधते आणि काय निसटते, हे या एका मालिकेत जितके स्पष्ट दिसते तितके मला दुसरीकडे क्वचितच दिसले, म्हणून हा प्रपंच.

कथेचे जग असे आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये मेलेली माणसे परतू लागली. ती का परतली हे कोणालाच ठाऊक नाही. पुस्तकांत या संकटाला नुसते ‘प्रॉब्लेम’ म्हणतात आणि सगळे त्याला सरावलेही आहेत. संध्याकाळ झाली की संचारबंदीची घंटा होते, रस्त्यांवर भुतांना रोखणारे दिवे लागतात, दारांवर लोखंड टांगलेले असते, लव्हेंडरच्या जुड्या बांधलेल्या असतात. भुताचा स्पर्श झाला तर शरीर निळे पडत जाते आणि वेळेत अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन मिळाले नाही तर माणूस दगावतो. प्रत्येक भूत कोणत्या तरी वस्तूशी किंवा जागेशी बांधलेले असते, आणि तो मूळ आधार सापडून त्याला चांदीत बंद केले किंवा नष्ट केले की भूत निवते. सगळ्यात मोठी अडचण अशी की ही भुते नीट पाहण्याची, ऐकण्याची, स्पर्शातून ओळखण्याची शक्ती मुलांमध्येच असते आणि वय वाढले की ती जाते. साहजिकच रात्रीच्या कामाला मुले पाठवली जातात. मोठमोठ्या एजन्सी त्यांना नोकरीला ठेवतात आणि वर देखरेखीला मोठी माणसे नेमतात, ज्यांना स्वतःला काहीच दिसत नाही. लंडनमधल्या ३५, पोर्टलंड रो या पत्त्यावर अँथनी लॉकवूड, जॉर्ज आणि नव्याने आलेली लूसी कार्लाइल ही तिघे मात्र एकही मोठा माणूस न ठेवता स्वतःची एजन्सी चालवतात.

आमच्या सासूबाई या सगळ्या गोंधळापासून अलिप्त राहून शेजारच्या पलंगावर वाती वळत बसल्या होत्या. लॉकवूडने थैलीतून मिठाच्या पुड्या आणि लोखंडी साखळ्या काढून जमिनीवर मांडायला सुरुवात केली तशी त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “अगं, लोखंड आणि मीठ होय? मग यात इंग्रजी ते काय?” त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा अडकित्ता ठेवणारे, दिवेलागणीला मुलावरून मीठ-मोहऱ्या उतरवून निखाऱ्यांवर टाकणारे आपले घर या जगात फारसे परके पडत नाही. स्ट्राउडने जगभरच्या आज्यांना ठाऊक असलेले हे तोडगे घेतले आणि त्यांना कामगाराच्या अवजारांची शिस्त लावली: साखळी किती जाड हवी, वर्तुळाच्या आत काय ठेवायचे, मॅग्नेशियमचा बार कधी फेकायचा, रेपिअर नावाची हलकी, सरळ पात्याची तलवार कशी फिरवायची. मराठीत नारायण धारपांच्या समर्थांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला इथे एक उलटापालट लगेच जाणवेल. आपल्याकडे अतींद्रिय संकटाशी झुंजायला अधिकारी पुरुष लागतो, साधना लागते, आणि मुले असलीच तर ती वाचवली जाण्यासाठी असतात. इथे अधिकार आणि वय यांची फारकतच झालेली आहे.

दिग्दर्शक जो कॉर्निश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नियम किती गांभीर्याने घेतले आहेत ते पहिल्याच भागात दिसते. मुलांच्या भूतकथेत भीती टिकते ती नियम टिकले तर. भूत वाटेल तेव्हा वाटेल ते करू लागले की मुले घाबरायची थांबतात, कारण मग अंदाज बांधण्यात अर्थ उरत नाही. मालिका हे नियम व्याख्यान देऊन सांगत नाही. एका विधवेच्या घरी तिघांपैकी दोघे रात्री कामाला जातात. घराची तपासणी सुरू होते. लूसी जिन्यापाशी थांबते, डोळे मिटते आणि आपला आवाज बदलतो. म्हणजे घड्याळाची टिकटिक, बाहेरचा वारा, लॉकवूडची बडबड हे सारे हळूहळू मागे सरते आणि त्याच्या खालून दुसरेच काही तरी वर येऊ लागते, आधी नुसते कुजबुजल्यासारखे, मग शब्द होण्याच्या बेताचे. लूसीची शक्ती ऐकण्याची आहे. पुस्तकात ती तिच्याच निवेदनातून आपल्यापर्यंत पोहोचते, ‘मला असे असे ऐकू आले’ असे ती सांगते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. पडद्यावर हीच गोष्ट ध्वनिसंयोजनाने पेलली आहे. टीव्हीच्या स्पीकरवर याचा निम्मा भाग हरवतो. आम्ही दुसऱ्या भागापासून पोरांना हेडफोन वाटून घ्यायला लावले आणि त्यावरून जी भांडणे झाली त्यांवरून काय ते समजावे.

भुतांचे दिसणेही संयमाने हाताळले आहे. ती धुरकट, निळसर-पांढरी, कडा विरघळलेली अशी येतात, आणि अभिनेते त्यांच्यावर पूर्ण ताकदीने तलवार चालवतात, म्हणून ती खरी वाटतात. काळ ठरवणे मुद्दाम अवघड केले आहे. कॅसेट आहेत, डायल फिरवायचे फोन आहेत, मोबाइल आणि इंटरनेट नाहीत, पार्श्वसंगीतात १९८०च्या आसपासचे ब्रिटिश पोस्ट-पंक आहे. भुते आली त्या काळापाशी जगाची प्रगतीच अडून राहिली असावी असे वाटते. ही कल्पना कोणी बोलून दाखवत नाही आणि न दाखवताच ती पोहोचते. पोर्टलंड रोवरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर एक पांढरा टेबलक्लॉथ आहे, ज्यावर तिघेही पेनाने टिपणे, नकाशे, टोमणे आणि चित्रे काढत राहतात. पुस्तकात तो आहे म्हणून मालिकेत असणारच, पण ज्याने तो रंगवला त्याने मन लावून रंगवला आहे; थांबवून पाहण्यासारखा आहे.

इथपर्यंतचे गुण मालिकेच्या पारड्यात निःसंकोच टाकावेत. तक्रार सुरू होते ती गतीपासून. आठ भागांत स्ट्राउडची पहिली दोन पुस्तके, म्हणजे २०१३ सालचे ‘द स्क्रीमिंग स्टेअरकेस’ आणि २०१४ सालचे ‘द व्हिस्परिंग स्कल’, बसवली आहेत, आणि वाटणी अशी की पहिल्या पुस्तकाला तीन भाग आणि दुसऱ्याला पाच. पहिल्या पुस्तकाचा कणा म्हणजे कोम्ब केरी हॉल नावाच्या वाड्यात घालवलेली एक रात्र. त्या विधवेचे घर कामाच्या धांदलीत जाळून बसल्यामुळे या पोरांवर ६०,००० पौंडांचे ओझे आलेले असते, आणि फेअरफॅक्स नावाचा धनाढ्य उद्योगपती ते फेडायला तयार होतो, अट एवढीच की त्याच्या त्या वाड्यात एक रात्र काढायची. पुस्तकात ही रात्र इतकी लांबते की वाचणाऱ्याला पुढचे पान उलटवत नाही: आधी वाड्याचा इतिहास, मग खोल्यांमागून खोल्या, तापमान मोजत फिरणे, चहा पिणे, पुन्हा मोजणे, आणि मग तो ओरडणारा जिना. मालिकेत तिसऱ्या भागातच वाडा येतो, जिना ओरडतो आणि प्रकरण निकाली निघते. जिन्याचा प्रसंग वाईट झालेला नाही. पण ज्या जिन्यावरून पुस्तकाला नाव पडले त्याच्यापर्यंत पोहोचायची वाट इतकी आखूड केली आहे की पायऱ्यांची भीती वाटण्याआधीच त्या संपतात.

भूतकथेत वाट पाहणे हा वेळेचा अपव्यय नसतो, हे या मालिकेच्या लेखकांना ठाऊक आहे, कारण पहिल्या भागात ते थांबले आहेत. मग पुढे त्यांना घाई झाली. ही घाई सर्वांत जास्त बाधली ती जॉर्जच्या कामाला. जॉर्ज हा या कंपनीचा संशोधक. एखाद्या घरात कोण वारले, कसे वारले, घर कोणाचे होते, त्याआधी त्या जागी काय होते, हे तो जुन्या वर्तमानपत्रांतून आणि दप्तरांतून शोधून काढतो आणि त्या शोधावरच पुढचे जीवनमरण अवलंबून असते. पुस्तकांत ही पाने रहस्यकथेचा खरा आनंद देतात. भूत ही इथे न उलगडलेल्या गुन्ह्याची साक्ष असते आणि ती साक्ष वाचायला कागद लागतात. मालिकेत जॉर्ज अभिलेखागारात जातो खरा, पण आपण पोहोचेपर्यंत त्याचे काम झालेले असते. तो येतो, निष्कर्ष सांगतो आणि सगळे निघतात.

आमच्या घरच्या मुलांना हे कमी पडले ते एका गमतीशीर कारणाने माझ्या लक्षात आले. तिसरा भाग संपल्यावर पुतणी म्हणाली, “काकू, आपल्या राजवाड्याची अशी फाइल काढली तर काय काय निघेल?” त्यावर अर्धा तास गप्पा रंगल्या: खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे का, १९८४ साली वरचे लाकूड जळाले तेव्हा आत काय होते, त्याआधी तो किती वेळा जळला होता, आणि अशा वास्तूत समजा लूसी उभी राहिली तर तिला पेशवाई काळातले ऐकू येईल की परवाचे. लाकडी जिन्याच्या जुन्या घरात राहणाऱ्या इंदुरी मुलांना वास्तूचा इतिहास आणि वास्तूची भीती यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही. मालिकेने हे नाते हातात धरले होते आणि दुसऱ्या अर्ध्यात तलवारबाजीसाठी सोडून दिले.

दुसऱ्या पुस्तकाचे पाच भाग तुलनेने ऐसपैस आहेत. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीतून उकरलेला, हाडांच्या चौकटीत बसवलेला एक आरसा, ज्यात पाहणारा जिवंत राहत नाही. तो चोरीला जातो. मग चोरटा बाजार, नदीकाठी भुताटकीच्या वस्तू गोळा करणारी फ्लो बोन्स, वस्तूंचा काळा लिलाव चालवणारा विंकमन, आणि प्रतिस्पर्धी फिट्स एजन्सीचा किप्स. ही लंडनची खालची बाजू मालिकेने मजेत रंगवली आहे. ल्यूक ट्रेडअवेने साकारलेला ‘गोल्डन ब्लेड’ हा रुबाबदार तलवारबाज मात्र मला पटला नाही. त्याच्या येण्याने कथेला चढता आलेख मिळतो हे मान्य, पण मुले विरुद्ध मेलेली माणसे हा मूळ सामना मुले विरुद्ध खलनायक असा होत जातो, आणि खलनायक आपण पुष्कळ पाहिलेले असतात.

पुस्तक पडद्यावर आणताना जे सहज हरवते, ते इथेही हरवले आहे, आणि ते म्हणजे लूसीचा आवाज. पाचही पुस्तके तीच सांगते. ती चिडकी आहे, स्वतःच्या दिसण्याबद्दल साशंक आहे, लॉकवूडबद्दल काय वाटते ते स्वतःशीही कबूल करत नाही, आणि अत्यंत तिखट विनोदाने सांगते. भीतीच्या ऐन प्रसंगी तिची एखादी तिरकस ओळ येते आणि त्या ओळीमुळेच पुढची भीती अधिक बोचते. पडद्यावरच्या लूसीच्या वाट्याला ते निवेदन नाही, म्हणून तिच्या दुःखाचे पारडे जड झाले आहे. गावाकडच्या गिरणीतील ज्या कामात तिचे सवंगडी मेले आणि जिवलग मैत्रीण नॉरी भुताच्या तडाख्यात जिवंत असून हरवली, तो प्रसंग मालिका वारंवार आठवते. यातून व्यक्तिरेखेला वजन आले, हे खरेच. पण मूळ पुस्तके हसवतात, आणि मालिका हसवायला कचरते. काचेच्या बरणीतल्या कवटीचे तर यात सर्वांत मोठे नुकसान झाले. ती कवटी म्हणजे बोलणारे, म्हणजे तिसऱ्या प्रकारचे, अत्यंत दुर्मिळ भूत. फक्त लूसीशी बोलते आणि बोलते ते मुख्यतः उद्धटपणे. पुढच्या पुस्तकांत ही कवटी आणि लूसी यांची जुगलबंदी हीच वाचनाची मोठी लज्जत होते. मालिकेत ती नुकती कुठे तोंड उघडते आहे तोच आठवा भाग येतो.

अभिनयाबाबत हात आखडता घ्यायचे कारण नाही. रूबी स्टोक्सने लूसीचे ऐकणे चेहऱ्यावर दाखवले आहे, जे अवघड काम आहे, कारण ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा सहसा कोरा असतो. तिच्या चेहऱ्यावर आधी शंका येते, मग ओळख, मग नकोसेपणा. कॅमेरन चॅपमनचा लॉकवूड लांब कोट घालून जरा जास्तच देखणा फिरतो, पण त्याच्या बेफिकिरीखाली मरणाची आस आहे की काय, ही शंका तो शेवटपर्यंत जिवंत ठेवतो. अली हाजी-हेश्मतीचा जॉर्ज पुस्तकातल्यापेक्षा बराच वेगळा आहे. तिथला जॉर्ज कबिन्स गुबगुबीत, अस्वच्छ आणि खाण्यावर तुटून पडणारा. इथला जॉर्ज करीम सडसडीत, शब्दाला शब्द लावणारा, इतरांना न उमगणाऱ्या एकाग्रतेत बुडालेला. पुस्तकनिष्ठ वाचकांनी नाके मुरडली तरी माझे मत असे की तिघांत हाच सर्वाधिक जिवंत झाला आहे. पुस्तकात जॉर्ज काही वेळा विनोदासाठी वापरला जातो. इथे तो माणूस आहे, आणि त्याला दुखावले की दुखते.

आता ज्या एका गोष्टीत मालिका पुस्तकाच्या पुढे गेली आहे तिच्याकडे वळते. मुलांना रात्री मरायला पाठवून त्यांच्या जिवावर पोट भरणारा समाज हा स्ट्राउडच्या कथेचा पाया आहे, पण पुस्तकात लूसी तो इतक्या सहजपणे सांगते की आपणही सरावतो. पडद्यावर सरावता येत नाही. कोवळ्या चेहऱ्याच्या मुलीला तिची आई एजन्सीत नेऊन सोडते. तिची शक्ती किती आहे याची चाचणी होते. पगार घरी जातो. देखरेख करणारा मोठा माणूस ऐन वेळी दाराबाहेर थांबतो आणि नंतरच्या चौकशीत हात झटकतो. हे सगळे काही मिनिटांत, कोणतेही भाष्य न करता येते. शक्ती वयाबरोबर जाणार असल्यामुळे ती आहे तोवर वसूल करून घ्यायची घाई पालकांच्या डोळ्यांत दिसते, आणि भंवरकुआँच्या चौकात सकाळी सहाला कोचिंगच्या दारात मुलांना उतरवून देणाऱ्या आम्हा पालकांना ती घाई कुठे तरी पाहिल्यासारखी वाटली. मी हे मोठ्याने बोलले नाही. पंधरा वर्षांच्या भाच्याने माझ्याकडे एकदा पाहिले मात्र.

मुलांचे वय पडद्यावर वाढवण्याचा मोह इथेही झाला आहे. पुस्तकातली ही पोरे अजून पोरेच आहेत. मालिकेतली तिघे तारुण्याच्या उंबरठ्यावर वाटतात, आणि त्यामुळे लूसी आणि लॉकवूड यांच्यातील ओढ पुस्तकापेक्षा आधी आणि अधिक ठळक येते. हा मोह काही परदेशी नाही. इंदुरात जन्मलेल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे १९८७च्या सुमारास दूरदर्शनवर सुमीत राघवनच्या रूपात आला तेव्हा तो पोरगाच होता. २०१७ साली चित्रपट आला तेव्हा अमेय वाघचा बनेश फेणे वैद्यकीय प्रवेशाच्या वयाचा तरुण झाला होता. चित्रपट चांगला वेगवान होता, आणि भागवतांनाच दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने कथेत आणण्याची कल्पना तर लोभस होती. पण शाळकरी मुलाने मोठ्यांच्या जगात घुसून ‘ट्टॉक’ म्हणावे यातली गंमत मिशी फुटलेल्या तरुणाकडून मिळत नाही. लॉकवूडने हे वय त्या मानाने थोडेच वाढवले आहे आणि कथेच्या मुळाला फारसा धक्का लागू दिलेला नाही. शक्ती जाण्याची भीती असलेली मुले थोडी मोठी दाखवली तर ती भीती उलट जवळ येते, असा युक्तिवादही करता येईल, आणि सातव्या-आठव्या भागांत तो काहीसा पटतोही.

आता मालिका बंद पडण्याबद्दल. पुस्तकांच्या मालेत लेखक पहिल्या भागात एक बंद दार दाखवून ठेवू शकतो आणि ते तीन वर्षांनी उघडू शकतो. वाचक तोवर थांबतो, पुस्तक कपाटात राहते, आणि व्यक्तिरेखांचे वय लेखक म्हणेल तेवढेच वाढते. पडद्यावर हे तिन्ही आधार नसतात. पोर्टलंड रोच्या माडीवर एक दार आहे, ज्याच्या आत जायला लॉकवूड कोणालाही परवानगी देत नाही. आठव्या भागाच्या अखेरीस तो ते उघडतो, आणि मालिका तिथेच संपते. हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांचे आठ चित्रपट २००१ ते २०११ या दहा वर्षांत पूर्ण झाले, कारण त्यामागचे निर्माते शेवटपर्यंत थांबले आणि नटही सोबत मोठे होत गेले. स्ट्रीमिंगच्या बाजारात पहिल्या काही आठवड्यांतले आकडे पुढचे सगळे ठरवतात. मुलांची पुस्तके मात्र अशी चालत नाहीत. ती एका भावंडाकडून दुसऱ्याकडे, वर्गातून वर्गात, ग्रंथालयाच्या शिक्क्यांनिशी वर्षानुवर्षे फिरत राहतात. ज्या वेगाने ती वाचली जातात त्या वेगाने पाहिली जाण्याची मुभा मालिकेला मिळाली नाही. माझी तक्रार मालिका करणाऱ्यांकडे इतकीच की संपूर्ण पाच पुस्तकांचा अवकाश आपल्याला मिळणार आहे अशा भरवशावर त्यांनी काही धागे फार मोकळे सोडले, आणि त्याच वेळी पहिले पुस्तक तीन भागांत उरकून टाकले. उलट केले असते, म्हणजे आठही भाग एकट्या कोम्ब केरीच्या प्रकरणाला दिले असते, तर बंद पडूनही एक पुरी गोष्ट हाती राहिली असती.

पाहावी का, तर जरूर पाहावी. बारा वर्षांच्या पुढच्या मुलांसोबत पाहण्यास हरकत नाही. त्याखालच्यांनी गिरणीचा प्रसंग आणि हाडांच्या आरशात डोकावणाऱ्यांचे हाल एकट्याने पाहू नयेत. इंग्रजी संवाद झपाट्याने येतात आणि उच्चार अनेक तऱ्हांचे आहेत, म्हणून उपशीर्षके लावूनच बसावे. आठही भाग एका बैठकीत संपवण्यापेक्षा पहिले तीन एका आठवड्यात पाहून मध्ये थांबावे, कारण तिथे एक प्रकरण खरोखरच संपते, आणि त्या विरामात ‘द स्क्रीमिंग स्टेअरकेस’ मुलांच्या हाती द्यावे. पुस्तकातले इंग्रजी सातवी-आठवीच्या मुलाला अवघड जाणार नाही. आमच्याकडे एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे अशी सोय झाली, आणि कोम्ब केरीची रात्र वाचताना कोणी दिवा मालवू देईना.

मालिका संपवून ज्यांना पुढचे हवे आहे ते साहजिकच २०१५ सालचे तिसरे पुस्तक ‘द हॉलो बॉय’ शोधतील, पण थेट तिथे उडी घेऊ नये. पुस्तकातला जॉर्ज वेगळा आहे, नॉरीचे जे झाले ते वेगळे आहे, आणि मुख्य म्हणजे कवटीशी लूसीचे जे भांडण तिसऱ्या पुस्तकात रंगात येते त्याची सुरुवात मालिकेत पुरेशी झालेलीच नाही. पहिल्या दोन पुस्तकांपासून सुरुवात करावी, मग ‘द हॉलो बॉय’, ‘द क्रीपिंग शॅडो’ आणि २०१७ साली आलेले शेवटचे ‘द एम्प्टी ग्रेव्ह’ असा क्रम ठेवावा. माडीवरच्या त्या दाराआड काय आहे हे दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी कळते, आणि भुते मुळात का परतली याचे उत्तर पाचव्यात मिळते.